जपानी आली की शिष्यवृत्तीची वाट कुठे रुंदावते?

जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती १९५४पासून दिली जाते. शुल्कमाफी, विमानभाडे आणि दरमहा निर्वाहभत्ता असे तिचे स्वरूप आहे. जपानी येत नसली तरी अर्ज करता येतो. पदवीसाठी निवडलेल्यांचे पहिले वर्ष मुख्यतः भाषेचेच असते. मात्र दूतावासामार्फत संशोधनासाठी अर्ज केला, तर लेखी परीक्षेत इंग्रजीबरोबर जपानीचाही पेपर असतो. तिथे तयारी लगेच दिसते.

याच योजनेतला ‘जपानी अध्ययन’ हा एक वर्षाचा प्रकार आपल्याकडे पुरेसा ठाऊक नाही, याची खंत वाटते. पदवीला जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय असलेल्यांसाठी तो आहे. इथे भाषा ही पात्रतेचीच अट आहे. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठासारख्या ठिकाणी जपानीची पदवी घेणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

जपानी भाषेची पातळी ठरवणारी जेएलपीटी परीक्षा पुणे-मुंबईत देता येते. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. एन-५ची सुरुवात चांगली, पण तेवढ्यावर विसंबू नका. जपानीतून शिकवणारी अनेक विद्यापीठे एन-२ किंवा वरची पातळी मागतात. या परीक्षेत बोलणे आणि निबंधलेखन तपासले जात नाही, त्यामुळे मुलाखतीसाठी संभाषणाचा सराव वेगळा करावाच लागतो.

स्वखर्चाने जाणाऱ्यांसाठी ‘ईजेयू’ ही प्रवेशपरीक्षा आहे. तिच्या जपानीच्या पेपरात लेखनही असते. उत्तम गुण मिळवणाऱ्यांना प्रवेशाआधीच शिष्यवृत्ती राखून ठेवण्याची सोय तिच्याशी जोडलेली आहे.