गोकर्णाच्या वेशीवरचे बिऱ्हाड

रावण कैलासावर गेला तो स्वतःसाठी नव्हे, मातेसाठी. मातीचे शिवलिंग करून पूजणाऱ्या आईला साक्षात कैलासच आणून देण्याची त्याची प्रतिज्ञा होती; मिळाले ते आत्मलिंग. पुढे विष्णूच्या सुदर्शनाने सूर्य झाकला, संध्येची वेळ झाली म्हणून रावणाने लिंग बटुवेषातील गणपतीच्या हाती दिले, आणि त्याने तीनदा हाक मारून ते भूमीवर ठेवले. रावणाने ओढताना लिंग पिळले गेले, गाईच्या कानासारखे झाले, म्हणून ते गोकर्ण. एवढ्या बळालाही ते हलले नाही, म्हणून देव महाबळेश्वर. ‘श्रीगुरुचरित्रा’च्या सहाव्या अध्यायातील ही कथा आमच्या घरी वडिलांच्या पारायणात दरवर्षी होई, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐके. श्रीपाद श्रीवल्लभ जेथे तीन वर्षे राहिले ते क्षेत्र एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा. वडील गेले, आणि इच्छा तशीच राहिली.

अडचण पैशांची नव्हती. बहुतेक घरांतील वयस्क स्त्रिया यात्रेला का येत नाहीत, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. वाटेत लघुशंकेची सोय नसते, म्हणून त्या आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडतात. पुढे प्रवासच सोडतात. म्हणून २०२५ च्या महाशिवरात्रीला आम्ही कॅराव्हॅन भाड्याने घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून असे चाकांवरचे घर आपल्याकडेही ऐकिवात आले आहे. निजावयास बिछाने, छोटी शेगडी, आणि मुख्य म्हणजे शौचालय.

कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, मग गोवा. कारवारला काळी नदी ओलांडताना सर्वांनी हात जोडले. तेथील जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला होता. महामार्ग सोडून साधारण दहा किलोमीटर आत गेले की गोकर्ण. २६ फेब्रुवारीच्या दुपारी आम्ही वेशीशी पोहोचलो, आणि तेथेच थांबलो. रथबीदी माणसांनी फुललेली. उत्सवासाठी सजत असलेला महारथ दुरून दिसत होता. असले धूड त्या गल्ल्यांत जाणार कोठून! एका नारळीच्या बागेच्या मालकाने कडेला उभे राहू दिले. मी हळहळलो, तर आई म्हणाली, “अरे, रावणाला जे हललं नाही, ते तुझ्या गाडीने काय हलणार? उद्या पहाटे चालत जाऊ.”

सायंकाळी गाडीच्या सावलीत खेड्यांतून आलेल्या काही बाया येऊन बसल्या. आईचे माहेर निपाणीचे, त्यामुळे कानडी तिच्या जिभेवर. घटकाभर गप्पा झाल्या, आणि तिने त्यांतील एका म्हातारीला हाताला धरून आत नेले. ती बाहेर आली, मग दुसरी गेली. बातमी बागेभर पसरली. रात्री दहाच्या सुमारास दाराशी रांग लागलेली पाहून मी आईला बाजूला घेतले. टाकीतले पाणी संपेल, सकाळी तुझ्या स्नानाचे काय, असे मी जरा तुटकपणेच विचारले.

“सकाळी समुद्र आहे ना,” ती म्हणाली, आणि कंदिलासारखा छोटा दिवा घेऊन पायरीशी बसली.

मला सातव्या अध्यायातील ती अंध, रोगी स्त्री आठवली. यात्रेकरूंच्या मागोमाग ती अन्न मागत गोकर्णी आली. कोणी तिच्या हातावर बेलाचे पान टाकले. खाण्याजोगे नाही म्हणून तिने ते भिरकावले, आणि ते लिंगावर पडले. उपवास घडला, जागरण घडले, पूजा घडली. तिला मात्र त्यातले काहीच ठाऊक नव्हते. आमच्या घरी शिवरात्रीचे जागरण भजनाने होते. त्या रात्री ते बादली, तांब्या आणि दाराची कडी यांत झाले. मीही नंतर बागेतल्या विहिरीचे पाणी ओढून देऊ लागलो. झोप येणे शक्यच नव्हते, हेही खरे!

पहाटे टाकी कोरडी. आईने समुद्रात बुचकळी मारली. ब्याऐंशीव्या वर्षी, सौ.चा हात घट्ट धरून. नंतर कोटितीर्थाचे पाणी मस्तकी घेतले. रिवाजाप्रमाणे आधी महागणपती. त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, “बरं केलंस, खाली ठेवलंस ते.”

महाबळेश्वराच्या रांगेत अडीच तास गेले. गाभाऱ्यात अर्धे मिनिटही मिळाले नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, “नीट झालं का दर्शन?”

ती पदराने डोळे पुसत होती. “झालं. आता चल लवकर. त्या म्हातारीला परतीची बस आहे. निघण्यापूर्वी तिला एकदा आत जायचं असेल. विहिरीवरून दोन बादल्या आणून ठेव.”