खेळांतील दळण

(नभोवाणीवरील भाषण)

वेल्हे तालुक्यांत, तोरण्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका गांवीं माझें लहानपण गेलें. पहांटे जाग येई ती जात्याच्या घरघरीनें. आई नाचणी दळीत असे. एका हातानें खुंटा धरून जातें फिरवावयाचें, दुसऱ्या हातानें मूठमूठ वैरण घालावयाची, आणि सुपांतील नाचणी संपेपर्यंत तेंच करीत राहावयाचें. पुढें गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. दळण हा प्रकार आतां घरांतून कायमचा गेला, असें मला वाटलें होतें. गेल्या मे महिन्यांत माझा नातू सुटीसाठीं पुण्याहून भोरास आला, आणि ती समजूत चुकीची ठरली.

हा तेरा वर्षांचा मुलगा दुपारभर मोबाइलवर झाडें तोडीत असे. पडद्यावर एक चिमुकली आकृति कुऱ्हाड घेऊन उभी. झाडावर बोट टेकावें, तिनें घाव घालावे, ओंडका मिळावा, कांहीं वेळानें झाड पुन्हां उगवावें, आणि पुन्हां बोट टेकावें. मीं विचारलें, "अरे, ह्यांत गंमत ती कोणती?" तो म्हणाला, "गंमत नाहीं, आजोबा. कंटाळाच येतो. पण लेव्हल वाढवायची आहे." ज्याचा कंटाळा येतो तो खेळ कसला, आणि कंटाळा येत असूनही तो सुटत कां नाहीं, ह्या प्रश्नाचा मीं जो उलगडा केला, तोच आज आपणांपुढें मांडीत आहें.

ह्या प्रकारास इंग्रजींत 'ग्राइंडिंग' म्हणतात. त्याचा अर्थ दळणें हाच होय; आपणही कंटाळून 'तेंच तें दळण' म्हणतोंच. खेळांतील पात्राचें कौशल्य वाढविण्यासाठीं एकच क्षुल्लक कृति हजारों वेळां करणें, हें ह्या दळणाचें स्वरूप. त्याचें मूळ अमेरिकेंत १९७४ सालीं निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या बैठ्या खेळांत सांपडतें. त्यांत प्रत्येक खेळाडूनें एक पात्र व्हावयाचें आणि पराक्रमाबद्दल त्या पात्रास अनुभवाचे गुण मिळावयाचे, अशी योजना होती. पुढें संगणक आले, दूरदूरचे खेळाडू तारेनें जोडले गेले, आणि गुण मोजण्याचें काम यंत्राकडे गेलें. मनुष्य मोजतांना थकतो; यंत्र थकत नाहीं. त्यामुळें गुणांच्या राशी वाटेल तितक्या वाढवितां येऊं लागल्या.

माझा नातू खेळत होता तो 'रूनस्केप' नांवाचा खेळ २००१ सालीं इंग्लंडांत अँड्र्यू गॉवर व त्याचे बंधु ह्यांनीं सुरू केला. त्यांतील आकडे मीं नातवाकडूनच वहींत उतरवून घेतले, कारण हिशेब दिसला म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकास राहवत नाहीं. लांकूडतोडीच्या कौशल्याच्या ९९ पायऱ्या आहेत. पहिलीवरून दुसरीवर जाण्यास ८३ गुण लागतात. साध्या झाडाच्या एका ओंडक्यास २५ गुण; म्हणजे चार ओंडक्यांत काम झालें! मुलगा हरखून जातो. परंतु ९९ व्या पायरीस एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात. दर सात पायऱ्यांमागें एकूण गुण जवळजवळ दुप्पट होत जातात, ही त्यांतील मेख. म्हणून ९२ व्या पायरीवर पोंचलेल्या खेळाडूस वाटतें, आतां सातच उरल्या; वास्तविक त्याची वाट त्या वेळीं निम्मीच संपलेली असते. शेवटच्या एकाच पायरीस १२,२८,८२५ गुण हवेत. विलो नांवाच्या झाडाच्या ओंडक्यास साडेसदुसष्ट गुण मिळतात. त्या हिशेबानें ही एक पायरी सुमारें १८,२०० ओंडक्यांची झाली. मिनिटास दहा ओंडके पडतात असें धरलें, तरी तीस तास! बुद्धिबळाच्या पटावरील घरांत दुपटीनें दाणे मागणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आपण मुलांना सांगतों. येथें तो ब्राह्मण खेळाचा मालक आहे, आणि दाणे मोजून देणारा राजा म्हणजे आपला मुलगा.

मग मुलगा हें सोडून कां देत नाहीं? ह्याचें एक कारण मनाचें आहे व दुसरें व्यापाराचें.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर ह्यांनीं कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कळीवर चोंच मारली कीं दाणा, अशी सोय केली म्हणजे कबुतर भुकेपुरती चोंच मारतें. परंतु दाणा केव्हां तिसऱ्या, केव्हां तिसाव्या चोंचीस, असा अनियमितपणें मिळूं लागला, तर तें अविश्रांत चोंच मारीत राहतें. दाणा बंद केल्यावरही बराच वेळ थांबत नाहीं. फर्स्टर व स्किनर ह्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. खेळांत ठराविक गुणांच्या जोडीला मधूनच एखादी दुर्मिळ वस्तु हातीं लागते, ती ह्याच तत्त्वावर. शिवाय वाढत जाणारी पट्टी डोळ्यांपुढें असते. शाळेंतील प्रगति सहा महिन्यांनीं कागदावर दिसते, ही क्षणोक्षणीं दिसते.

व्यापाराचें कारण अधिक सरळ आहे. जेथें खेळाडू महिन्याची वर्गणी भरतो, तेथें वाट जितकी लांब तितकी वर्गणी अधिक. जेथें खेळ फुकट आहे, तेथें कंटाळा चुकविण्याचा उपायच विकला जातो: पैसे भरा आणि शंभर घाव वांचवा. कंटाळा आधीं निर्माण करावयाचा आणि मग त्यावरील औषध विकावयाचें, असा हा धंदा. व्हेनेझुएलांत चलन कोसळलें, त्या काळांत तेथील कित्येक तरुण ह्याच रूनस्केपमध्यें दिवसभर दळण दळून खेळांतील सोनें परदेशीयांस विकीत व त्यावर घर चालवीत. ज्या श्रमास दुसरा मनुष्य दाम मोजतो, ते श्रम खेळ नव्हेत, मजुरी होत. आपलीं मुलें ती बिनपगारी करतात, एवढाच फरक.

हें सर्व मीं नातवास मोठ्या तोऱ्यानें ऐकविलें. त्यानें शांतपणें विचारलें, "आजोबा, तुम्ही शाळेंत मुलांकडून एकच ओळ शंभर वेळां लिहवून घेत होतां ना? मग तें काय होतें?"

श्रोतेहो, मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. पाढे, कित्ता, दंडबैठका, सर्वच आवृत्तीवर उभें आहे. आवृत्ति वाईट म्हणावी, तर माझा सारा व्यवसायच वाईट ठरतो. रात्रीं विचार करतां फरक ध्यानांत आला. एरिक्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं बर्लिनमधील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ सालीं असें दाखविलें कीं, केवळ वाजविण्यानें नव्हे, तर आपली चूक हेरून ती दुरुस्त करण्यासाठीं केलेल्या सरावानें हात तयार होतो. कित्ता गिरवितांना दहावें अक्षर नवव्याहून सुबक निघालें, तर तो अभ्यास. मीं शिक्षा म्हणून लिहविलेल्या शंभर ओळींत मात्र शंभरावी पहिलीहून वाईटच असे, कारण मुलाचें लक्ष ओळ संपविण्याकडे असे. तें दळणच होतें, आणि त्यांतून पीठ निघत नव्हतें. हें मला सेवानिवृत्तीनंतर एका तेरा वर्षांच्या मुलाकडून कळलें, ह्याची खंत वाटते. खेळांत तर कौशल्य वाढतें तें आकृतीचें. बोटाला पहिल्या दिवशीं जें येत होतें, तेंच हजाराव्या दिवशींही येतें.

आणि आमच्या मुलखांतील खरें दळण? तें कष्टाचें होतें. त्याचे गोडवे गाण्याचा अधिकार मला नाहीं, कारण खुंटा माझ्या हातीं नव्हता. परंतु त्या कंटाळ्यांतून बायकांनीं ओवी घडविली. पुण्याच्या हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ ह्यांनीं मुळशी, मावळ, भोर, वेल्हे ह्या भागांत गांवोगांव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचें कार्य केलें. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला आहे. हात यंत्राप्रमाणें फिरत असतांही मन मोकळें होतें, म्हणून हें घडलें. मोबाइलवरील दळण हात व डोळे दोन्ही अडकवून ठेवतें; त्यांत ओवीला जागा नाहीं.

तेव्हां पालकांनीं तीन प्रश्न विचारावेत. ह्या आवृत्तींत चूक सुधारते काय? खेळ मिटल्यावर हातीं कांहीं उरतें काय? आणि सूप रिकामें होण्याची वेळ ठरलेली आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगांच्या यादींत खेळाच्या विकृतीस स्थान दिलें आहे. पण ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान देणें, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणें, हीं लक्षणें साधारणतः वर्षभर दिसलीं तरच. सुटींत चार दिवस झाडें तोडणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे.

मोबाइल हिसकावून घेऊं नये. अर्धा तास मुलाशेजारीं बसावें, त्यालाच पायऱ्यांचा हिशेब करावयास लावावा. माझ्या नातवानें ९२ आणि ९९ मधील अंतर स्वतः मांडून पाहिलें, तेव्हां तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. खेळ त्यानें सोडला नाहीं. परंतु "आज दोनशे ओंडके, मग बंद," असें सूप त्यानें आपण होऊन ठरविलें. पहिल्या दिवशीं तें दोनशेंवर थांबलें नाहीं. चौथ्या दिवशीं थांबलें. उरलेल्या दुपारीं त्यानें माळ्यावरून जुनें जातें खालीं काढावयास लावलें, आणि आम्हीं दोघांनीं मिळून पावशेर नाचणी दळली. हात भरून आले. पण संध्याकाळीं त्या पिठाची भाकरी झाली.