अन्यायास दंड देण्याची प्रेरणा : फड पद्धतीपासून सामाजिक बहिष्कारापर्यंत

प्रस्तावना :
पाळी नसताना पाटाचे पाणी आपल्या शेताकडे वळविणारा शेतकरी केवळ ज्याचे पाणी गेले त्याच्याच रोषास पात्र ठरतो असे नाही. ज्यांचे काहीही नुकसान झालेले नाही असे शेजारीही त्याला जाब विचारतात, प्रसंगी वैर पत्करतात. स्वतःला झीज सोसून दुसऱ्याच्या अन्याय्य वर्तनास शासन करण्याची ही प्रवृत्ती स्वार्थाच्या सरळ हिशेबात बसत नाही. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीचे मानसशास्त्रीय स्वरूप आणि महाराष्ट्राच्या समाजजीवनातील तिची दोन परस्परविरोधी रूपे यांचा विचार केला आहे.

प्रायोगिक आधार :
१९८२ मध्ये गुथ, श्मिटबर्गर व श्वार्झे या जर्मन संशोधकांनी एक साधा प्रयोग मांडला. एका व्यक्तीने ठरावीक रकमेची वाटणी सुचवायची. दुसरीने ती स्वीकारल्यास दोघांना आपापला वाटा मिळतो, नाकारल्यास दोघांनाही काहीच मिळत नाही. केवळ लाभ पाहणारा माणूस मिळेल तो वाटा घेईल. प्रत्यक्षात मात्र अत्यल्प वाटा देऊ करणारे प्रस्ताव वारंवार नाकारले जातात. अपमान गिळून थोडे पदरात पाडून घेण्यापेक्षा समोरच्याचाही लाभ बुडविणे अनेकांना उचित वाटते.

अर्न्स्ट फेर व सायमन गेख्टर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघांच्या गटाने सामाईक निधीत रक्कम टाकावयाची होती. अंग चोरणाऱ्यास दंड करण्याची मुभा होती. दंडकर्त्यास १ एकक खर्च आला की दंडिताचे ३ एककांनी नुकसान होई. प्रत्येक फेरीत गट बदलत असल्याने दंडकर्त्यास पुढे स्वतःचा लाभ होण्याची शक्यता नव्हती. तरीही सहभागींनी दंड केला. दंडाची सोय असताना योगदान वाढत गेले, ती नसताना घटत गेले. यामागील मुख्य भावना संताप हीच होती. २००४ मध्ये डी क्वेरव्हेन व सहकाऱ्यांनी केलेल्या मेंदूच्या प्रतिमांकनात विश्वासघातक्यास दंड देताना समाधानाशी निगडित असलेला मेंदूचा भाग सक्रिय झाल्याचे आढळले. सारांश, हा दंड केवळ विचारपूर्वक केलेला हिशेब नसून त्यात समाधानाचाही अंश असतो.

विधायक रूप : फड पद्धती
धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती हे या प्रेरणेचे विधायक उदाहरण होय. लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी कमी असेल तेव्हा सर्वांच्याच लागवडीस कात्री लागे. पाटकरी पाणी वाटे, जागल्या पिकांची राखण करी आणि नियमभंगाचा निवाडा लाभधारकांची समिती करी. येथे वैयक्तिक संतापास संस्थेचे रूप मिळाले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दीर्घायुषी सामाईक व्यवस्थांची जी लक्षणे सांगितली, त्यांत नियम ठरविण्यात लाभधारकांचा सहभाग, देखरेख आणि अपराधाच्या प्रमाणात वाढत जाणारा दंड यांचा समावेश आहे.

विघातक रूप : वाळीत टाकणे
तथापि या प्रेरणेस स्वतःची विवेकदृष्टी नाही. समूह ज्यास नियम मानतो, त्याचा भंग होताच ती जागी होते. मग तो नियमच अन्यायमूलक का असेना. आंतरजातीय विवाह करणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकणारी जातपंचायतही स्वतःस न्यायासनच समजते. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अस्पृश्यांनी हक्क बजावताच त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र उगारले जाते, हे या समितीने नोंदविले. पुढे गोलमेज परिषदेपुढील आपल्या मागण्यांत डॉ. आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याचा आग्रह धरला. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्दबातल ठरविला. त्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम २०१७ मध्ये अमलात आला. त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे.

दंड करण्याचे बळही समाजात समप्रमाणात वाटलेले नसते. कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे व अर्न्स्ट फेर यांना उत्तर प्रदेशातील प्रयोगात असे आढळले की, आपल्या जातीच्या व्यक्तीवर अन्याय झाला असता दंड करण्याची तयारी उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या सहभागींपेक्षा निम्न मानल्या गेलेल्या जातींच्या सहभागींत बरीच कमी होती. त्यांना अन्याय कळत नव्हता असा याचा अर्थ नव्हे. प्रतिकाराची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजलेल्यांचा हात आखडतो, असेच यावरून म्हणावे लागते.

निष्कर्ष :
अन्यायाविरुद्धची चीड हे सहकार्याचे इंधन आहे. पण इंधनाने चूलही पेटते आणि घरही. फडाची समिती आणि जातपंचायत यांत दंड करणाऱ्यांच्या मनोवृत्तीत फारसा भेद नाही. भेद आहे तो नियम कोणी ठरविला, दंड अपराधाच्या प्रमाणात आहे काय आणि दंडितास दाद मागण्याची वाट खुली आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत. महाविद्यालयीन शिस्तीचे निर्णय घेणाऱ्या आपणा अध्यापकांनाही हेच तीन प्रश्न स्वतःस विचारावे लागतील.