चागोस : ओस पाडलेली बेटे

हिंदी महासागराचा नकाशा समोर घ्या आणि आपल्या किनाऱ्यावरून बोट खाली सरकवत न्या. आधी लक्षद्वीप लागेल, मग मालदीव. बहुतेकांचे बोट तिथेच थांबते. मालदीवचे शेवटचे टोक म्हणजे अड्डू. तिथून आणखी सुमारे 500 किलोमीटर दक्षिणेला टाचणीने टोचल्यासारखे काही ठिपके दिसतात. हा चागोस द्वीपसमूह. साठेक लहान लहान बेटे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ आहे आणि तिथे परक्या नौकांना मज्जाव आहे. बाकीच्या बेटांवर ना वस्ती, ना दुकान, ना धक्का. म्हणूनच शिडाच्या नौकेतून जगाची सफर करणाऱ्या हौशी दर्यावर्दींना या बेटांची फार ओढ असते.

अड्डूहून सॉलोमन या कंकणद्वीपापर्यंत शिडाच्या नौकेला अडीच-तीन दिवस लागतात. वर्षाचे काही महिने वारा आग्नेयेकडून वाहतो, काही महिने वायव्येकडून. दर्यावर्दी या दोन्हींमधला बदलाचा काळ गाठू पाहतात. वाटेत विषुववृत्ताजवळ वारा पडला की शीड नुसते लोंबते, आणि अचानक काळा ढग आला की तेच शीड घाईघाईने उतरवावे लागते. बेटे इतकी सखल आहेत की माडांची उंची धरूनही ती जवळ गेल्यावरच दिसतात.

खरी परीक्षा आत शिरताना होते. सॉलोमन म्हणजे अकरा बेटांचे कडे, मध्ये शांत पाण्याचे लगून आणि सभोवती पोवळ्यांची भिंत. आत जायला उत्तरेकडे वाट आहे. अशा वेळी दर्यावर्दी यंत्रापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवतात. सूर्य उंच आणि पाठीमागे असताना एक जण नाळेवर किंवा डोलकाठीवर उभा राहतो आणि पाण्याचे रंग वाचतो. गडद निळे पाणी खोल, हिरवट पाणी उथळ, आणि पिवळट-तपकिरी डाग दिसला की खाली पोवळ्यांचा खडक आहे असे समजायचे. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी हे रंग दिसत नाहीत. शहाणा नाखवा मग रात्र बाहेर समुद्रातच काढतो.

या बेटांशी मुंबईचे एक जुने नाते आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमाराचे अधिकारी रॉबर्ट मोर्सबी यांनी मालदीवनंतर 1837 मध्ये चागोसची पाहणी करून नकाशे तयार केले. चार्ल्स डार्विन स्वतः चागोसला कधीच गेले नाहीत. पण 1842 च्या आपल्या प्रवाळांवरील ग्रंथात त्यांनी मोर्सबींच्या पाहणीचा आधार घेतला. आम्ही भूगोलाच्या तासाला कंकणद्वीप शिकवतो ते डार्विन यांच्याच विचाराने : ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खाली बसतो, त्याच्या कडेने पोवळी उजेडाकडे वर वर वाढत राहतात, आणि शेवटी डोंगर बुडून फक्त कडे उरते.

इथल्या निसर्गाचा हिशेबही मोठा चोख आहे. समुद्रपक्षी दूरवर मासे खाऊन येतात आणि बेटावर विष्ठा टाकतात. पावसाबरोबर ते खत पोवळ्यांपर्यंत पोहोचते. पण जुन्या जहाजांतून काही बेटांवर उंदीर आले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाल्ली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की उंदीर नसलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळांवर माशांचे एकूण वजन जवळपास दीडपट आहे. जमिनीवर लावलेला धक्का पाण्याखाली जाणवतो तो असा.

आता बोडाम बेटावर उतरू या. माडांच्या गर्दीत पडक्या भिंती दिसतात. एक विहीर आहे. कबरस्तान आहे. तेव्हा हे बेट ‘निर्जन’ झाले कसे, हा प्रश्न आपोआप मनात येतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून इथे नारळाचे मळे वसवले. गुलामी संपल्यावर काही हिंदी मजूरही आले. पाच-सहा पिढ्यांत या लोकांची स्वतःची क्रिओल बोली झाली, गाणी झाली, नाती झाली. 1965 मध्ये ब्रिटनने मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी चागोस त्यापासून तोडून घेतले आणि पुढे दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिले. 1968 ते 1973 या काळात दीड ते दोन हजार माणसांना बेटांवरून हलवण्यात आले. मॉरिशसला औषधपाण्यासाठी गेलेल्यांना परतीची बोट नाकारली गेली. उरलेल्यांना जहाजांत कोंबून मॉरिशस आणि सेशेल्सला उतरवले. त्यांचे कुत्रे आधीच खोबरे वाळवण्याच्या खोल्यांत कोंडून मारले होते.

लंडनच्या कोर्टाने 2000 मध्ये ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. 2004 मध्ये राजाज्ञा काढून परतीची वाट पुन्हा बंद झाली. 2010 मध्ये चागोसभोवती सुमारे 6 लाख 40 हजार चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पोवळी वाचावीत हे कुणालाही पटेल. पण त्याच अभयारण्याने बेटवासीयांच्या परतीचा रस्ता अधिक अवघड केला.

या साऱ्या काळात शिडाच्या नौका मात्र येत होत्या. ब्रिटिश प्रशासनाकडे अर्ज करायचा, विम्याची कागदपत्रे दाखवायची, की सॉलोमनसारख्या ठिकाणी जास्तीत जास्त 28 दिवस मुक्काम करता येई. परक्या हौशी प्रवाशाला महिनाभर आणि बोडामवर जन्मलेल्या आजीला एक दिवसही नाही! 2006 मध्ये शंभरेक बेटवासीयांना नेण्यात आले, तेही फक्त पूर्वजांच्या कबरी साफ करून परतण्यापुरते. आईवडिलांच्या कबरीवर दोन ओंजळी पाणी घालता न येण्याचे दुःख आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2019 मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिले. 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने हस्तांतराच्या करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सिया वगळून बाकीच्या बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मुभा आहे. मात्र त्याच दिवशी तिथे जन्मलेल्या दोन महिलांनी कोर्टात जाऊन ती सही काही तास रोखून धरली होती. आम्हाला कुणी विचारलेच नाही, ही त्यांची तक्रार. कागदावरच्या इन्साफातही ज्यांचे वतन, त्यांचाच आवाज सर्वांत बारीक राहिला.

शाळेत आम्ही ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ शिकवतो. फरक एका कान्याचा. झाड पडते तेव्हा दोष वाऱ्याचा असतो, झाड पाडले जाते तेव्हा कुऱ्हाड कुणाच्या तरी हातात असते. चागोसची बेटे ओस पडलेली नाहीत, ती ओस पाडली गेली आहेत. पांढरी वाळू, निळे पाणी आणि एकही माणूस नसलेले चित्र मुले मोबाइलवर कौतुकाने दाखवतील. त्यांच्या कौतुकात आपणही सामील व्हावे. आणि मग त्यांना हळूच विचारावे : इथली विहीर कुणी खणली असेल?