ब्रह्मपुत्रेवरचे पूल आणि फेरीबोटी

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेचे पात्र काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद होते आणि पावसाळ्यात ती काठ खात सरकते. 1950च्या भूकंपात दरडी कोसळून नदीत प्रचंड गाळ आला. तिचा तळ उंचावला आणि धूप वाढली. अशा नदीवर पूल बांधताना खरी लढाई पायाशी असते. खांबाखाली काँक्रीटची पोकळ विहीर उभारतात. आतली वाळू उपसली की विहीर स्वतःच्या वजनाने खचत खोल जाते. पुराचे पाणी खांबाभोवतीची वाळू खरवडून नेते, म्हणून पाया त्या खरवडीच्या खोलीच्याही खाली न्यावा लागतो.

गुवाहाटीजवळ टेकड्यांमुळे पात्र अरुंद होते. तिथेच 1962मध्ये सराईघाट पूल झाला. बोगीबीलच्या पुलाला ही सोय नव्हती. तिथे बांध घालून प्रवाह आवळावा लागला. 2018मध्ये खुल्या झालेल्या या 4.94 किलोमीटरच्या पुलावर खाली रेल्वे, वर रस्ता आहे.

नदीतल्या माजुली बेटाला मात्र जोरहाटजवळच्या निमाटी घाटावरून माणसे आणि मोटारसायकली फेरीबोटीनेच जातात. पाण्याची पातळी बदलली की धक्काही हलवावा लागतो. पूर चढला की फेऱ्या थांबतात. तेव्हा आजाऱ्यालाही जोरहाटच्या रुग्णालयात नेणे कठीण होते. माजुलीला पूल हवाच.