अदृश्य प्रवाहाचे गणित

मॉरिशसमधील साखर कारखान्यांत रस काढून उरलेले उसाचे चिपाड जाळून वाफ करतात, आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज निर्माण करतात, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. ज्या उसासाठी आपल्या पूर्वजांनी घाम गाळला, त्याच्याच अवशेषातून ही शक्ती प्रकट होते. परंतु टर्बाइनच्या पात्यांमधील अरुंद वाटांतून वाफ वाहते कशी, हे डोळ्यांस दिसत नाही. ते जाणण्याचे एक साधन म्हणजे गणित.

द्रव वा वायू यांच्या थराथरांत जे घर्षण असते, त्यास श्यानता म्हणतात. गणितज्ञ ऑयलर यांनी १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेली समीकरणे ही श्यानता शून्य मानतात. वेगवान प्रवाहात घर्षणाचा प्रभाव बहुधा भिंतीलगतच्या पातळ थरापुरताच असतो; म्हणून मध्यभागाचे चित्र या समीकरणांतून पुष्कळसे यथार्थ उतरते.

खरी अडचण निराळीच आहे. वाट निमुळती झाली की ध्वनीहून मंद असलेला वायू वेग घेतो. सर्वांत अरुंद जागी त्याने ध्वनीचा वेग गाठला आणि पुढे दाब पुरेसा कमी असला, तर वाट रुंदावूनही त्याचा वेग वाढतच जातो! मंद भागात पुढील फेरबदलाची वार्ता मागे पोहोचते. शीघ्र भागात ती पोहोचत नाही. त्यामुळे दोन्ही भागांत समीकरणांचा स्वभाव भिन्न होतो.

यावर गणितज्ञांनी काढलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. हवा असतो स्थिर प्रवाह. पण सोडवावयाचा काळाबरोबर बदलणारा. वाटेचे लहान लहान कप्पे पाडावयाचे, आरंभीची स्थिती कल्पावयाची, आणि प्रवाह स्थिरावेपर्यंत क्षणाक्षणाने पुढे जावयाचे. साध्या रीतींत क्षण इतका लहान घ्यावा लागतो की, तेवढ्यात दाबाची लहर एका कप्प्याहून दूर जाऊ नये. या मर्यादेचे मूळ कूरांट, फ्रीडरिक्स व लेवी यांच्या १९२८ च्या निबंधात आहे.

वाटेत आघाततरंग उठला, की आकडे डळमळू लागतात. त्यास आवरण्यासाठी फॉन नॉयमन व रिख्टमायर यांनी १९५० मध्ये समीकरणांत थोडी कृत्रिम श्यानता घातली. जी वगळली, तीच वेष पालटून परत आली!

येथेच सावधगिरी हवी. भिंतीपासून प्रवाह सुटला अथवा घर्षणाने शक्ती वाया गेली, तर हे गणित त्याचा विश्वसनीय हिशेब देत नाही. उलट कृत्रिम श्यानतेमुळे नसलेली हानीही दाखवू शकते. पात्याचा आकार केवळ अशा आकड्यांवर ठरविणे म्हणजे इंधनाच्या नासाडीस आमंत्रण देणे होय. म्हणून उत्तर हाती आल्यावर, आरंभी आपण काय सोडून दिले होते, हे सुज्ञाने प्रथम आठवावे.