मागून भोंगा ऐकू आला म्हणजे

मडगावाहून बांबोळीच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका वेर्णे मागे टाकून कुठ्ठाळीस आली, की चालकाच्या मनात पूर्वी एकच प्रश्न उभा राही : आज पुलावर काय असेल? १९८३ साली खुला झालेला जुवारीचा तो जुना पूल दोन पदरी. एखादी मालमोटार त्यावर बंद पडली, की दोन्ही तीरांवर वाहनांच्या रांगा लागत आणि त्या रांगेत सापडलेल्या रुग्णवाहिकेस पुढे सरकावयास वाव नसे, मागे वळावयासही नसे. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या आठपदरी पुलाची एक बाजू व डिसेंबर २०२३ मध्ये दुसरी बाजू वाहतुकीस मिळाली, तेव्हा दक्षिण गोव्यातील लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो उगाच नव्हे.

परंतु रस्ता रुंद झाला म्हणून रोग्यास वाट मिळतेच असे नाही. प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यय आला तो जुवारीच्या दुसऱ्या अंगास, उत्तरेकडून बांबोळीस येणाऱ्या महामार्गावर.

२०२५ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांना सकाळी अंगणातच पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना सावंतवाडीहून बांबोळीस हलवावे लागले. सिंधुदुर्गातील कुटुंबांना हा प्रवास नवा नाही. दुखणे मोठे असले, की बांदा, पत्रादेवी, म्हापसे असे करीत बांबोळी गाठावयाची, हे तेथे घरोघरी ठाऊक असते. त्यांचे चिरंजीव आत त्यांच्यापाशी बसले आणि मला चालकाशेजारची जागा मिळाली. आयुष्यभर मी रुग्णवाहिकेकडे बाहेरून पाहिले होते. आतून रस्ता कसा दिसतो, हे त्या दिवशी प्रथमच पाहिले.

भोंगा ऐकून एका मोटारवाल्याने ऐन रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक लावला आणि तो तेथेच उभा राहिला. बिचाऱ्याने आदरानेच वाहन थांबविले होते, पण आता त्यालाच वळसा घालावयाचा होता. पुढे दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या होत्या; डावीकडची उजवीकडे आली, उजवीकडची डावीकडे गेली, आणि दोघींनी मिळून वाट पूर्ण बंद केली. एक स्कूटरस्वार कानांत गाणे अडकवून अर्धा मैल आमच्यापुढे निवांतपणे चालला होता. पर्वरीस उड्डाणपुलाचे काम चालू असल्यामुळे रस्ता मुळातच आखडलेला. तेथे समोरून येणाऱ्या एका टेंपोने आम्हांस जागा मिळते आहे असे पाहून तीच जागा स्वतः घेतली. या सर्वांत दुष्ट हेतूचा माणूस मला तरी एकही दिसला नाही.

मी काहीसा संतापून चालकास म्हटले, "लोकांना रोग्याची दयामाया राहिली नाही." तो मान न वळविता म्हणाला, "तसं नाही काका. लोक वाट देतात. पण कोण कुठल्या बाजूला जाईल, याचा अंदाज येत नाही. मला तेवढं आधी कळलं, की मी माझं बघून घेईन."

या दोन वाक्यांत सारा विषय आला, असे मला वाटते. मागून येणाऱ्या चालकास आपल्या सौजन्याहून आपल्या हालचालीचा भरवसा अधिक हवा असतो. तो भरवसा द्यावयाचा तर सर्वांनी एकच गोष्ट करावयास हवी, आणि आपल्या देशात वाहने डावीकडून चालत असल्यामुळे ती गोष्ट ठरलेलीच आहे : डावीकडे व्हावे. प्रथम आरशात पाहावे, मग डावा दिवा लुकलुकता करावा, वेग हळूहळू कमी करावा, रस्त्याच्या कडेस यावे आणि जरूर तर थांबावे. समोरून येणाऱ्यानेही आपल्या डाव्या कडेस व्हावे, म्हणजे मधला पट्टा मोकळा राहतो. रुग्णवाहिका निघून गेल्यावर लगेच उसळी मारून रस्त्यावर येऊ नये. आगीच्या ठिकाणी वा मोठ्या अपघाताकडे जाणारी वाहने पुष्कळदा एकामागून एक येतात.

जर्मनीत रुंद महामार्गांवर वाहतूक मंदावू लागली, की भोंगा ऐकू येण्याची वाट न पाहताच सर्वांत डावीकडच्या पदरातील वाहने डाव्या कडेस आणि बाकीची सारी उजवीकडे सरकतात, व मध्ये एक गल्ली मोकळी राहते. तसा तेथे कायदाच आहे. तेथील वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा त्यांचे डावे-उजवे आपण उलटे समजावे. पर्वरीच्या त्या कोंडीत बसलो असता मला या गल्लीचा फार हेवा वाटला.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीतील कलम १९४-ई अन्वये अग्निशामक बंब, रुग्णवाहिका वा राज्य सरकारने ठरविलेले इतर आपत्कालीन वाहन येत असता बाजूस न होणाऱ्या चालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यापूर्वी १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे काढण्यात आले. तेव्हा "कोणी बडा माणूस जात असेल" ही जुनी सबबही उरली नाही.

दुसरी एक सबब मात्र अद्याप जोरात आहे. "आत कोणीच नसते हो, उगाच भोंगा वाजवीत पळतात," असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक गावात भेटतात. भाडे लवकर मिळावे म्हणून कोणी चालक भोंग्याचा दुरुपयोग करीत असेलही. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी अवश्य करावा. परंतु रिकामी रुग्णवाहिका म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. रोगी आत नाही, याचा अर्थ तो अजून घराच्या ओसरीवर अथवा रस्त्याच्या कडेस पडून आहे. भरल्या गाडीत निदान प्राणवायू असतो, जवळ जाणते माणूस असते. जिची वाट पाहिली जात आहे, त्या रिकाम्या गाडीच्या रोग्यापाशी यांतले काहीच नसते. ज्याचे हृदय बंद पडले, त्याच्या छातीवर दाब देणारे कोणी नसेल, तर जगण्याची आशा दर मिनिटास शेकडा सात ते दहाने घटत जाते, असे वैद्यक सांगते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध ज्यांना चालते, त्यांना ते सामान्यतः साडेचार तासांच्या आत मिळावे लागते, आणि त्या मुदतीतही जितके लवकर तितके बरे.

आज हा भोंगा पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक ऐकू येतो. हैदराबादेस २००५ साली सुरू झालेली '१०८' क्रमांकाची सेवा २००७ मध्ये गुजरातेत, २००८ मध्ये गोव्यात व कर्नाटकात आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. ऐकू येतो खरा, पण वेळेवर येतो काय? काचा बंद, आत थंड हवा, गाणे चालू, अशा मोटारीत भोंगा पोहोचेपर्यंत रुग्णवाहिका अगदी पाठीशी आलेली असते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदास सुमारे सतरा मीटर तोडते. दचकावयास दोन सेकंद लागले, तरी तेवढ्यात चौतीस मीटर गेले. म्हणून आरशाकडे अधूनमधून पाहण्याची सवय हवी. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरे उलटी लिहिलेली असतात, ती रंगाऱ्याची चूक नव्हे; पुढच्या चालकास ती आरशात सुलटी दिसावीत, एवढ्यासाठी ती योजना असते.

आवाजाच्या पट्टीवरूनही काही कळते. ध्वनीचा उगम जवळ येत असता स्वर चढा आणि दूर जात असता उतरता ऐकू येतो, हे तत्त्व डॉप्लर नामक शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीत तुताऱ्या वाजविणारे बसवून त्याची परीक्षा घेण्यात आली. स्वर एकदम उतरला, की भोंगा आपणांस ओलांडून गेला, असे समजावयास हरकत नाही.

काही ठिकाणी मात्र जपून वागले पाहिजे. अरुंद पुलावर, जेथे कडेस जागाच नाही, तेथे थांबू नये. डावा दिवा लावून पूल संपेपर्यंत पुढे जावे व मग बाजूस व्हावे. बेळगावकडून गोव्यास उतरताना चोर्ल्याच्या वा अनमोडच्या घाटात भोंगा ऐकू आला, तर वळणावर उभे राहणे म्हणजे मागच्यास दरीच्या कडेने, पुढचे काही न दिसता, जावयास लावणे. रस्ता सरळ व थोडा रुंद होईल तेथवर जावे. चौकात लाल दिवा असता पुष्कळ जण घाबरून पुढे मुसंडी मारतात. लाल दिवा ओलांडण्याची मुभा आपत्कालीन वाहनास असते, ती तुम्हां-आम्हांस नसते. आहे त्या जागी डावीकडे सरकून फट करून द्यावी, आणि पोलीस हाताने पुढे बोलावील तर जावे. शिवाय मोकळी झालेली वाट पाहून रुग्णवाहिकेच्या शेपटीस चिकटणारे शहाणे असतात. पर्वरीस आमच्या मागेही एक मोटार तशी लागली होती. आमच्या चालकास एकदा जोराने थांबावे लागले, तेव्हा ती आमच्यावर आदळता आदळता राहिली.

आणि मोटार उभी केल्यावरही हा विषय संपत नाही. रविवारी मिस्सेच्या वेळी आपल्या चर्चबाहेरील गल्लीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दोन्ही बाजूंस मोटारी, मध्ये तिरप्या लावलेल्या स्कूटरी. दूधवाल्याची सायकल कशीबशी जाईल. आगीच्या बंबास कमीत कमी तीन मीटर तरी मोकळी वाट लागते, आणि गल्लीच्या टोकाशी घरे आहेत, त्यांत म्हातारी माणसे आहेत. फेस्ताच्या दिवशी तर मांडवाचे खांबच रस्त्यात येतात. एका गावी यंदा तरुणांनी आदल्या रात्री दोरी धरून, चुन्याने दोन रेघा मारल्या व मधल्या पट्ट्यात कोणाचेही वाहन उभे राहू दिले नाही. पाहुण्यांपैकी दोघे रागावून गेले म्हणतात.

आमचे ते वृद्ध गृहस्थ आता काठी घेऊन अंगणात फिरतात. उजवा हात मात्र अजून पुरता चालत नाही. पर्वरीस आमची किती मिनिटे गेली, हे त्यांच्या चिरंजीवांनी मला एकदा विचारले. मी घड्याळ पाहिले होते. अकरा मिनिटे गेली होती.